गावरानी कोंबड्याचे मोल अंगणातच ठरावे

सावली तालुका म्हणजे धानाचा मुलूख. रोवणी, निंदण, कापणी आणि चुरणे यांत वर्ष सरते, आणि धानाचा चुकारा हाती पडतो तो एकदाच. मधल्या काळात तेल-मीठ, पोरांच्या वह्या, दवाखाना, पाहुणारावळा हे सारे कशावर निभते, असे घरच्या बाईला विचारा. ती अंगणातल्या कोंबड्यांकडे आणि कोठ्यातल्या बकऱ्यांकडे बोट दाखवील. धानाचा पैसा आला तसा सोसायटीच्या कर्जात जातो. कोंबडीचा पैसा मात्र बाईच्या पदराला राहतो.

या पैशाचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. धान विकताना आपण काट्यापाशी उभे राहतो. ओलावा किती धरला, कट्टी किती कापली, यावरून वाद घालतो. कोंबडा विकताना मात्र काटा नाही की हिशेब नाही. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी टोपल्या बांधून व्यापारी दारात येतो, कोंबडा पाय धरून उचलतो, हातानेच तोलल्यासारखे करतो आणि एक आकडा सांगतो. बाई थोडी घासाघीस करते आणि देऊन टाकते. पोराची फी आजच भरायची असते, हे व्यापाऱ्यालाही ठाऊक असते. तोच कोंबडा मूल किंवा गडचिरोलीच्या बाजारात किलोवर विकला जातो. घेताना नगावर आणि विकताना किलोवर, यातच त्याची कमाई आहे. व्यापाऱ्याने फिरावे, पेट्रोल जाळावे आणि चार पैसे मिळवावेत, याला कोणाचीच ना नाही. पण माल किती वजनाचा आहे हे विकणाऱ्यालाच माहीत नसावे, हा कुठला व्यवहार?

दारात येणारे गिऱ्हाईक

या व्यवहाराला एक दुसरी वाटही आहे. सावली, मूल, गडचिरोली येथील नोकरदार, शिक्षक, दुकानदार ओळखीच्या शेतकऱ्याच्या घरी येऊन थेट कोंबडा, अंडी किंवा बोकड घेतात. मूल-गडचिरोली रस्त्यावरच्या गावांना आणि वैनगंगेच्या काठच्या खेड्यांना हे सोयीचे आहे, कारण दोन्हीकडची गावे गाडीने जवळ पडतात. आखाडी, पोळ्याची कर, धुळवड आणि दिवाळीनंतरच्या मंडया या काळात मागणी जास्त. ज्या गावी मंडई आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक, त्या गावात घरोघरी पाहुणे. त्या दिवशी गावरानी कोंबडा शोधूनही सापडत नाही.

“काय जी काकू, कोंबडा देता का?” म्हणत आलेल्या गिऱ्हाइकाला खरे तर दोन गोष्टी हव्या असतात. माल अस्सल पाहिजे आणि रोगट नको. बाजारात गावरानीच्या नावाखाली रंगीत संकरित कोंबड्या खपतात. अंड्याचे कवच तपकिरी असले म्हणजे अंडे गावरानी, असा समज आहे, तोही चुकीचा. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो आणि बलकाचा रंग तिच्या खाण्यावर. पोल्ट्रीतल्या काही जातीही तपकिरी अंडी देतात. तेव्हा अस्सलपणाची खात्री रंगावरून होत नाही. कोंबडी कुठे फिरते, काय खाते, कोठे अंडे घालते, हे डोळ्यांनी पाहिल्यावरच ती होते. ही खात्री बाजारातला ओटा देऊ शकत नाही, ती शेतकऱ्याचे अंगणच देऊ शकते. आपण कोंबडा विकतो तेव्हा त्याच्यासोबत ही खात्रीही विकतो. मग तिचे मोल का घेऊ नये?

वेळेचाही हिशेब आहे. ब्रॉयलर कोंबडी ५ ते ६ आठवड्यांत २ किलोची होते. आपला गावरानी कोंबडा दीड किलोचा व्हायला ५ ते ६ महिने घेतो. या काळात घार, मुंगूस, रानमांजर आणि मानमोडी यांतून तो वाचलेला असतो. पोल्ट्रीची कोंबडी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. गावरानी कोंबडी वर्षातून ३-४ वेळा अंड्यावर येते आणि सारी मिळून ५०-६० अंडी देते. पोल्ट्रीच्या अंड्याचा भाव १९८२ साली स्थापन झालेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती रोज जाहीर करते. गावरानी अंड्याला असा जाहीर भाव नाही. तो अंगणातच ठरतो. म्हणूनच तो कसा ठरवायचा हे घरच्या माणसाला कळले पाहिजे.

काट्याचे गणित

सर्वांत आधी घरात एक लटकता काटा असावा. एकट्याला जड जात असेल तर बचत गटाने मिळून घ्यावा. व्यापारासाठी वापरायचा काटा वैधमापन खात्याकडून तपासून मुद्रांकित करून घ्यावा लागतो, हे गटाच्या अध्यक्षांनी ध्यानात ठेवावे. कोंबडा पायाला दोरी बांधून किंवा पिशवीत घालून तोलावा. सकाळी चारा-पाणी देण्याआधी तोलले तर गिऱ्हाइकालाही शंका राहत नाही.

जिवंत २ किलोच्या कोंबड्यातून पिसे, आतडी, पाय जाऊन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम मांस निघते. बोकडाचा उतारा जिवंत वजनाच्या ४५ ते ५० टक्के असतो. म्हणजे २० किलोच्या बोकडातून ९ ते १० किलो मटण. मुंडी, खूर, वजरी आणि कातडे वेगळे. यावरून एक साधा ठोकताळा निघतो. बाजारात मटणाचा जो किलोचा भाव असेल, त्याच्या निम्म्याच्या आसपास जिवंत वजनाचा भाव बसतो. कोणी त्याच्या फार खाली मागत असेल, तर बोकड सोडण्याची घाई करू नये.

आपल्याकडे हिस्से टाकण्याची रीत जुनी आहे. चार-पाच घरे मिळून एक बोकड घेतात, कापतात आणि सारखे वाटे पाडून घेतात. थेट खरेदीचाच हा प्रकार. यात शेतकऱ्याला पूर्ण बोकडाचे पैसे एकदम मिळतात, घेणाऱ्याला ताजे मटण मिळते आणि काही वाया जात नाही. फक्त बोकड आधी तोलून भाव पक्का करावा, म्हणजे नंतर “तुमच्या वाट्याले हाडंच जास्त आली” असा तंटा होत नाही.

काय विकू नये, हेही सांगितले पाहिजे. खुडूक बसून दहा-बारा पिल्ले काढणारी आणि घारीपासून ती जपणारी कोंबडी कितीही पैसे आले तरी देऊ नये. गाभण शेळी देऊ नये. प्राण्यांच्या कत्तलखान्याबाबतच्या २००१ च्या केंद्रीय नियमांनुसार गाभण, ३ महिन्यांपेक्षा लहान पिल्लू असलेले किंवा स्वतःच ३ महिन्यांपेक्षा लहान असलेले जनावर कापता येत नाही. अडीनडीला मूळ भांडवलच विकले, तर पुढच्या वर्षी अंगण रिकामे राहते.

अंडे : थोडी काळजी, जास्त पैसा

गावरानी कळपात कोंबडा असतो. त्यामुळे अंडी बहुधा फळलेली असतात. आपल्या चंद्रपूर जिल्ह्याचा उन्हाळा देशात गाजलेला. एप्रिल-मे महिन्यात असे अंडे उघड्यावर राहिले की आत गर्भ वाढू लागतो आणि अंडे लवकर बिघडते. गिऱ्हाइकाने एकदा असे अंडे फोडले की तो दुसऱ्यांदा दारात येत नाही. म्हणून उन्हाळ्यात दिवसातून दोनदा अंडी गोळा करावीत. ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात, सावलीच्या जागी ती ठेवावीत. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख टाकावी. अंडी पाण्याने धुऊ नयेत, कोरड्या फडक्याने पुसावीत. अंड्याच्या कवचावर निसर्गतः एक पातळ थर असतो, तो धुतला गेला की रोगजंतू आत शिरायला वाट मिळते.

गिऱ्हाइकासमोर पाण्याचे भांडे ठेवून अंडे सोडून दाखवावे. ताजे अंडे तळाशी आडवे बसते. जुने उभे राहते. तरंगले तर ते टाकून द्यावे. अंडे जुने होत जाते तशी त्यातली हवेची पोकळी वाढते, म्हणून असे होते. शंभर शब्दांच्या हमीपेक्षा ही एक परीक्षा गिऱ्हाइकाला पटते.

कोणती अंडी विकायची आणि कोणती बसवायची, हेही हंगाम पाहून ठरवावे. कडक उन्हाळ्यात बसवलेली अंडी जास्त वाया जातात, तेव्हा ती विकावीत किंवा घरी पोरांच्या ताटात घालावीत. पावसाळा सरल्यावर आणि हिवाळ्यात अंडी बसवावीत. २१ दिवसांत पिल्ले निघतात. त्याच सुमारास बांधीत धानाचे सांडलेले दाणे, किडे, गोगलगाई असा फुकटचा चारा असतो आणि घरात कोंडा-कनकी असते. मात्र फवारणी झालेल्या बांधीत कोंबड्या सोडू नयेत. रोवणीच्या आधी त्या शेजाऱ्याच्या पऱ्ह्यांत शिरणार नाहीत, हे पाहावे. कोंबडीपायी धुऱ्यावरची भांडणे काही नवी नाहीत.

दार उघडे, पण रोगाला बंद

थेट विक्रीत एक धोका आहे आणि तो लपवून चालणार नाही. दारात येणारा माणूस, त्याची चप्पल, टोपली, गाडीचे चाक यांतून रोग येतो. मानमोडी आली की दोन-चार दिवसांत अख्ख्या मोहल्ल्यातल्या कोंबड्या माना टाकतात. आठवडी बाजारात नेलेली आणि न विकता परत आणलेली कोंबडी तर रोगाचे घरच ठरू शकते. अशी कोंबडी १४ दिवस वेगळी डालावी. कोंबडबाजारातून परतलेल्या कोंबड्याचेही तेच. मुळात झुंजी लावणे हा गुन्हा आहे, ते वेगळेच. बाहेरच्या माणसाला खुराड्यापर्यंत नेऊ नये. कोंबड्या दुरून दाखवाव्यात आणि विक्रीची जागा अंगणाच्या कडेला, फाटकापाशी ठेवावी.

मानमोडीला औषध नाही, पण लस आहे. लासोटा लस ५ ते ७ दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात थेंबाने देतात. आर-टू-बी लस ६ ते ८ आठवड्यांनी टोचतात. अडचण अशी की लसीची लहानात लहान बाटलीही बहुधा १०० मात्रांची असते. ती बर्फात आणावी लागते आणि कालवल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. ज्या घरी बाराच कोंबड्या, त्याने १०० मात्रांचे काय करावे? म्हणून हे काम एकट्या घराचे नाही, मोहल्ल्याचे आहे. ग्रामपंचायतीने पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून तारीख ठरवावी, आदल्या संध्याकाळी दवंडी द्यावी. पहाटे कोंबड्या डालीतून सोडण्याआधी पशुसखींच्या मदतीने सारे गाव तासाभरात उरकते. शेळ्यांना पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची आणि दवाखान्याच्या सल्ल्याने पीपीआरची लस अशीच एका दिवशी द्यावी.

बर्ड फ्लूचे नाव निघाले की लोक दारे लावून घेतात. आपल्या देशात हा रोग कोंबड्यांत पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, आपल्याच राज्यातील नवापूरला. जानेवारी २०२५ मध्ये तो आपल्या जिल्ह्यात ब्रह्मपुरी तालुक्यातील मांगली येथे आढळला. असा रोग निघाला की भोवतीचा १ किलोमीटरचा परिसर बाधित धरून तेथील कोंबड्या नष्ट करतात आणि १० किलोमीटरपर्यंत निगराणी ठेवतात. येथे एक गोष्ट प्रत्येक शेतकऱ्याने ध्यानात घ्यावी. भरपाई मिळते ती सरकारने नष्ट केलेल्या कोंबड्यांची, आधीच मेलेल्यांची नव्हे. म्हणजे खबर लपवली तर तोटा आपलाच. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर लगेच दवाखान्याला कळवावे. मेलेली कोंबडी नाल्यात, बोडीत किंवा उकिरड्यावर टाकू नये. आजारी कोंबडी स्वस्तात काढून टाकण्याचा मोह तर धरूच नये. एका दिवसाच्या पैशासाठी साऱ्या गावाचे गिऱ्हाईक तुटते.

गिऱ्हाइकानेही घाबरू नये. नीट शिजवलेल्या मांसात आणि अंड्यात हा विषाणू टिकत नाही, ७० अंश सेल्सियसच्या वर तो मरतो. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये कोरोना कोंबडीतून पसरतो अशी आवई उठली होती. त्यापायी पोल्ट्रीवाल्यांना माल मातीमोल विकावा लागला. ज्याचा शेतकरी ओळखीचा असतो, तो आवईवर विश्वास ठेवण्याआधी त्याला विचारून पाहतो. थेट विक्रीचा हाही एक फायदा आहे.

ग्रामपंचायतीचे काम

सरपंच, उपसरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी कायद्याची बाजू थोडक्यात. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम १८ नुसार शेतकरी, त्याची शेती आणि त्याची जनावरे यांना हा कायदा लागू नाही. तेव्हा शेतकऱ्याने आपल्या दारात जिवंत कोंबडा, बोकड किंवा घरची अंडी विकली, तर परवान्याच्या नावाखाली त्याला अडवण्याचे कारण नाही. पण रोज जनावर कापून मांस विकणे हा धंदा झाला. त्याला अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी आणि ग्रामपंचायतीची किंवा नगर पंचायतीची परवानगी लागते. कापण्याची जागा, पाणी, नाली आणि कचऱ्याची विल्हेवाट हेही पाहावे लागते. ही रेघ लोकांना समजावून सांगितली, तर शेतकरी विनाकारण भीत नाही आणि रस्त्याच्या कडेला उघड्यावर कापण्याचे प्रकारही कमी होतात.

बाजाराच्या जागेत एक काटा, सावलीसाठी छप्पर आणि पिण्याचे पाणी एवढे ग्रामपंचायतीने केले तरी पुष्कळ. पक्षी पायाला बांधून उन्हात तासन्‌तास उलटे टांगलेले असतात. त्यात वजन घटते, जीवही जातो आणि तो क्रूरपणा आहेच. ज्यांना कोंबड्या नव्याने पाळायच्या आहेत, त्यांनी तलंगा गटाच्या आणि एक दिवसाच्या पिल्लांच्या वाटपाबाबत पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात चौकशी करावी. आपल्या भागासाठी शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र नागपूरला आहे.

जंगलाच्या सीमेवरचा भाव

आपली गावे वाघाच्या मुलखातली. सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरी पट्ट्यात बकऱ्या चारायला नेणे म्हणजे जीव मुठीत धरून जाणे. एकट्याने न जाता चार जणांनी मिळून कळप न्यावा आणि दिवस मावळण्याआधी परतावे. कोठ्याला दार आणि वर जाळी असावी, कारण बिबट गावात शिरून बकरी उचलतो. वाघ-बिबट्याने शेळी मारली, तर ४८ तासांच्या आत वनरक्षक किंवा क्षेत्र सहायकास कळवावे. पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर जागचे हलवू नये. या दोन गोष्टी चुकल्या की भरपाईचा दावा अडकतो. शहरातून आलेल्या गिऱ्हाइकाने पन्नास-शंभरासाठी ताणून धरताना एवढे आठवावे, की या बोकडाच्या किमतीत कोणाच्या तरी जिवाची जोखीमही धरलेली आहे.

गिऱ्हाईक कधी दबक्या आवाजात विचारते, “रानातलं काही भेटते का जी?” याला उत्तर एकच : नाही. रानकोंबडी, तितर, ससा, चितळ, रानडुक्कर यांचे मांस विकणे आणि घेणे, दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. दारात चार चांगली गिऱ्हाइके येऊ लागली असताना असल्या एका व्यवहाराने घर कोर्टाच्या पायरीला लागते.

सावलीचा जुना धडा

१९३६ साली गांधी सेवा संघाचे संमेलन सावलीला भरले होते आणि महात्मा गांधी त्यासाठी येथे आले होते. सावली तेव्हा खादीच्या कामाचे ठिकाण होते. त्याच्या आदल्याच वर्षी चरखा संघाने सूत कातणाऱ्या बायांना पोटापुरती मजुरी मिळावी म्हणून मजुरीचे दर वाढवण्याचा ठराव केला होता. खादी महाग झाली तरी चालेल, पण कातणारीला तिचे मोल मिळाले पाहिजे, हा त्यामागचा विचार. गांधीजी शाकाहारी होते. कोंबड्या-बोकडाच्या व्यवहारात त्यांची साक्ष काढणे बरे नव्हे. पण राबणाऱ्या बाईच्या हाताला पुरते मोल मिळाले पाहिजे, हा धडा सुताला लागू तसा अंड्यालाही लागू आहे.

जपानमध्ये १९७० नंतर शहरी कुटुंबांनी गट करून शेतकऱ्यांशी थेट करार केले. याला ते ‘तेईकेई’ म्हणतात. भाव आधी ठरवायचा, आणि शेतकऱ्याकडे जे पिकेल ते गटाने वाटून घ्यायचे. मूल-गडचिरोलीच्या दहा घरांनी आपल्या एका गावच्या बचत गटाशी असे बोलून ठेवले, तर महिन्याची अंडी कोणाला जाणार हे आधीच ठरेल. मंडईचे कोंबडे दोन महिने आधी सांगता येतील. मग फीसाठी घाईत कोंबडा काढण्याची पाळी घरच्या बाईवर येणार नाही.

याला मोठे भांडवल लागत नाही. एक काटा, एक पेन्सिल, लसीचा ठरलेला दिवस आणि गिऱ्हाइकाशी खरे बोलणे एवढ्यावर सुरुवात होते. नगावर विकणे आजपासून बंद करावे. व्यापारी आला तरी त्यालाही काट्यापाशीच बोलवावे. वजन पाहून भाव दिला तर तोही आपलाच माणूस. पोळ्याच्या करीला जो कोंबडा विकायचा आहे, तो आजच एकदा तोलून पाहावा आणि त्याचे वजन घरच्या बाईने भिंतीवर लिहून ठेवावे.